कशावरून?

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या वस्तीत विहारापुढच्या मोकळ्या जागेत सभा होती. पुढारी आपलेच. गळ्यात निळा रुमाल, बाबासाहेबांच्या फोटोला हार, मेणबत्त्या, सगळं रीतसर. त्याच महिन्याच्या तीन तारखेला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली होती. पुढारी म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही. याने गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, तुमच्या पोराबाळांचं भलं होईल. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत एक पोरगा उभा राहिला. रात्रपाळीला जायच्या कपड्यातच होता. केसात कापसाची बारीक पिंज. म्हणाला, "साहेब, कशावरून?"

एवढंच. कशावरून.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग पुढारी हसले. "किती शिकलास बाळा?" पोरगा म्हणाला, "नववी." "मग हे मोठ्या लोकांचं अर्थशास्त्र आहे. तू आपला मागाकडं बघ." लोक हसले. मीही हसलो. हे मी लपवत नाही. त्या रात्री मागावर उभा होतो, आणि ते हसू मला टोचायला लागलं. खटाक् खटाक् करत धोटा इकडून तिकडे जात होता आणि प्रत्येक फेरीला मला ऐकू येत होतं, कशावरून, कशावरून. मी का हसलो? त्या पोराने काय चुकीचं विचारलं होतं? म्हणून हा लेख. माझ्या त्या हसण्याची ही भरपाई समजा.

दोस्तांनो, आधी त्या पोराचा प्रश्न आपणच सोडवून बघू. भिवंडीत लूमवर बारा तासांची पाळी नवीन नाही. दिवसाची एक, रात्रीची एक. दिवसपाळीचा गडी बाहेर पडतो तेव्हा रात्रपाळीचा आत शिरतो आणि माग तेवढ्यापुरताही थंड होत नाही. कारखान्यांच्या कायद्यातले नऊ तास आमच्यातल्या बहुतेकांनी कधी बघितलेच नाहीत. एकाच छपराखालचे माग चार नावांवर दाखवले की कायदा दाराबाहेर राहतो, हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे.

आता साधा हिशेब करा. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात शंभर जागा आहेत. आठ तासांची पाळी असेल तर तीन पाळ्या, तीनशे माणसं. बारा तासांची असेल तर दोन पाळ्या, दोनशे माणसं. म्हणजे शंभर चुली विझल्या. मग रोजगार वाढणार तो कसा? असं होऊ शकतं की गुंतवणूक इतकी येईल, की विझलेल्या शंभरांच्या जागी दीडशे पेटतील. मी नाही म्हणत नाही. पण मग तो हिशेब मांडा ना. कुठल्या राज्यात तास वाढवले, तिथे कारखाने किती आले, माणसं किती लागली, अकराव्या-बाराव्या तासाला बोटं किती तुटली, तेही सांगा. सरकार म्हणालं, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. ज्याचा उद्याचा रोज शेठच्या एका शब्दावर आहे, त्याच्या संमतीला किती किंमत असते? त्याचा पुरावा आम्हाला कुणी द्यायला नको, आम्हीच पुरावा आहोत. आणि बारा तासांनी सोनं पिकत असतं, तर भिवंडीचे रस्ते आज सोन्याचे असते. कल्याण नाक्यावर उभं राहून बघावं. खड्डेसुद्धा सोन्याचे नाहीत.

नववी शिकलेल्या पोराचा प्रश्न एवढा खोल होता. तो आपण हसण्यावारी नेला.

का नेला, याचा विचार केला पाहिजे. आपल्याला पुरावा द्यायची सवय आहे, मागायची नाही. जन्मल्यापासून आपण पुरावेच देतो. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधी आपला बाप नाहीतर आजा इथला रहिवासी होता याचा कागद आणा. आजा ज्या काळात दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्या काळातला कागद. त्याच्या नावावर ना घर ना शेत, शाळेत तो गेलाच तर व्हरांड्यात बसला. पण कागद आणा. दाखला मिळाला की तो खरा आहे याचा दुसरा पुरावा, पडताळणी समितीपुढे. मग उत्पन्नाचा दाखला. रेशनसाठी अंगठा. अंगठ्याच्या रेघा सुताने झिजल्या आणि मशीनने ओळखलं नाही, तर आपण जिवंत आहोत याचासुद्धा पुरावा. कारखान्यात बघा. आम्ही विणलेला तागा उजेडापुढे धरून तपासतात. कुठे तार तुटली, कुठे डाग पडला, की मीटरमागे पैसे कापले. इंच इंच कापडाचा जाब आम्ही देतो. पण जो कोट्यवधी माणसांच्या आयुष्याचं कापड विणतो, त्याचा तागा उजेडापुढे कोण धरणार?

जाब नेहमी खालून वर जातो, हुकूम वरून खाली येतो. ही मनूचीच रचना आहे, फक्त टेबल-खुर्ची नवी आहे. मनूला कुणी विचारलं नाही कशावरून. शूद्राने वेद ऐकायचा नाही, कशावरून? अतिशूद्राने गावाबाहेर राहायचं, कशावरून? शास्त्रात लिहिलंय म्हणून. शास्त्र खरं कशावरून? विचारणाऱ्याची जीभ गेली. ज्या समाजात हा एक शब्द उच्चारायची बंदी होती, त्या समाजात जातिव्यवस्था इतकी शतकं टिकली यात नवल ते काय.

म्हणून मला वाटतं, हा प्रश्न नुसता कारभाराचा नाही, नीतीचा आहे. जो दुसऱ्याच्या आयुष्यावर निर्णय घेतो, त्याने त्या माणसाला कारण सांगितलं पाहिजे. कारण सांगणं म्हणजे समोरच्याला विचार करणारा माणूस मानणं. बैलाला आपण कारण सांगत नाही, नुसता चाबूक दाखवतो. पुढारी जेव्हा म्हणतो "तुला कळणार नाही", तेव्हा तो माझ्या हातात तासांबरोबर चाबकाचीही बातमी देतो.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही नीट ऐकू.

पहिला आक्षेप त्या पुढाऱ्याचाच. धोरण हा तज्ज्ञांचा विषय आहे, अडाण्याने काय विचारायचं? माझं उत्तर असं, की प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, परिणाम भोगावा लागणं पुरेसं आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे ज्योतिराव फुल्यांनी निवेदन दिलं. तेव्हाचं धोरण असं, की वरच्या वर्गाला शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल. सरकारातले मोठे विद्वान हे सांगत होते. ज्योतिराव ना विद्यापीठातले पंडित, ना नोकरशहा. त्यांनी सरळ हिशेब मागितला. सरकारचा खजिना भरतो रयतेच्या घामाने, शाळा-कॉलेजं चालतात वरच्यांसाठी, मग इतक्या वर्षांत त्या शिकलेल्यांनी खाली झिरपवलं काय? आज गुंतवणुकीबद्दल तेच सांगतात, वर ओता, खाली झिरपेल. दीडशे वर्षं होत आली, गाळणी तीच.

बुद्धाने तर हा हक्क धर्मातच दिला. केसपुत्त गावच्या कालामांनी त्याला विचारलं, रोज नवा साधू येतो, स्वतःचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं म्हणतो, आम्ही काय धरायचं? तो म्हणाला नाही की माझं धरा. तो म्हणाला, परंपरेने आलं म्हणून धरू नका, ग्रंथात आहे म्हणून धरू नका, गुरू सांगतो म्हणून धरू नका. स्वतः पारखा, कशाने अहित होतं, कशाने हित होतं, ते बघा. जो बुद्ध स्वतःलासुद्धा पारखायला सांगतो, त्याच्या विहारापुढे एका पोराने मंत्र्याचं म्हणणं पारखलं, तर आपण हसलो. विहार कुणाचा आणि वागणं कुणाचं?

दुसरा आक्षेप, काही निर्णय तातडीचे असतात, पुरावे मांडत बसलं तर वेळ जाईल. ठीक. आग लागली तर पाणी मारणाऱ्याला आपण कागद मागत नाही. पण आग विझल्यावर तरी मागायचा की नाही? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. भिवंडीत पगार रोखीने होतो. बाजार गोठला, माग थांबले, माणसं गाठोडी बांधून मुलखाला गेली. कशासाठी? काळा पैसा बाहेर येणार म्हणून. त्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक झाली होती. तिचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागून मागून २०१९ साली बाहेर आलं. त्यात मंडळानेच नोंद केली होती, की काळा पैसा बहुतांश रोखीत नसतो, तो सोन्यात आणि जमीनजुमल्यात असतो. म्हणजे घोषणेच्या आधी काही तासांवर, ज्या आधारावर निर्णय उभा होता तो आधार कच्चा आहे हे कागदावर आलेलं होतं. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच २०१८ च्या अहवालात दिसलं की बंद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. सुप्रीम कोर्टाने २ जानेवारी २०२३ ला चार विरुद्ध एक मताने निर्णय वैध ठरवला. वैध असेल. पण वैध असणं आणि शहाणपणाचं असणं यात फरक आहे. अधिकार होता का, हे कोर्ट बघतं. आधार होता का, हे लोकांनी बघायचं.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. एक मित्र म्हणाला, "पुरावा पुरावा करू नकोस. हा पुरावा उद्या आपल्याच मानेवर ठेवतील." खरं आहे त्याचं. ठेवलाच आहे. २००६ साली नागराज खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अनुसूचित जाती-जमातींना बढतीत आरक्षण द्यायचं तर मागासलेपणाचे मोजता येतील असे आकडे आणा. ज्यांना हजारो वर्षं गावाबाहेर ठेवलं त्यांनी मागासलेपण मोजून दाखवायचं! २०१८ साली जर्नेलसिंग खटल्यात मागासलेपणाच्या आकड्यांची अट काढली, पण प्रतिनिधित्व अपुरं असल्याच्या आकड्यांची अट राहिली.

आपल्या ओबीसी भावांचं बघा. ४ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमधलं ओबीसींचं आरक्षण अडवलं. कारण आकडे नाहीत. आकडे कुणाकडे होते? २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणात केंद्र सरकारने घरोघरी जाऊन जात विचारली होती. राज्याने ते मागितले. केंद्राने कोर्टात सांगितलं, ते वापरण्याजोगे नाहीत, १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या, यात ४६ लाखांवर भरल्या. मग राज्याने २०२२ साली बांठिया आयोग नेमला. त्या आयोगाच्या कामात आडनावावरून जात ठरवली जाते अशी ओरड झाली. आडनावावरून! गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले आणि गायकवाड दादासाहेबही होते, भूमिहीनांचा सत्याग्रह करणारे. आडनावावरून कळणार कोण कुठला? त्या आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये कोर्टाने धरला आणि निवडणुकांची वाट मोकळी झाली.

आता दुसरी बाजू बघा. ८ जानेवारी २०१९ ला आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली, त्याच दिवशी मंजूर. ९ तारखेला राज्यसभेत मंजूर. १४ तारखेला लागू. एका आठवड्यात घटना बदलली. त्या आरक्षणासाठी वर्षाला आठ लाखांच्या आतलं उत्पन्न म्हणजे दुर्बल असं सरकारने ठरवलं. आठ लाख कशावरून? हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने सरकारला २०२१ च्या ऑक्टोबरात विचारला. त्यानंतर ३० नोव्हेंबरला सरकारने ती मर्यादा तपासायला समिती नेमली. म्हणजे आधी फळ, मग फूल, मग झाड. आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला तीन विरुद्ध दोन मताने ते आरक्षण टिकलं. गरिबांच्या त्या आरक्षणात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधल्या गरिबाला जागा नाही.

गरीब ब्राह्मणाच्या, गरीब मराठ्याच्या पोराच्या ताटातला घास मला काढायचा नाही. माझ्या शेजारच्या मागावर उत्तर प्रदेशातला एक दुबे उभा असतो, त्याची पाळीही बाराच तासांची. माझं म्हणणं तराजूबद्दल आहे. एकाला तीन-तीन कसोट्या, आयोग, आकडे, आडनावं. दुसऱ्याला आठवडा. पुरावा वाईट नाही, पुराव्याची मागणी जात बघून होते, हे वाईट आहे.

म्हणून त्या मित्राला माझं उत्तर असं, की पुरावा सोडून द्यायचा नाही, पुराव्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर हे ठरवायचं. आणि ते कसं ठरवायचं हे आपल्याला महाडने शिकवलंय.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे सगळ्यांना पाठ आहे. पुढचं फार थोड्यांना माहीत असतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी सवर्ण कोर्टात गेले. म्हणाले, तळं आमचं, अस्पृश्यांनी न शिवायची वहिवाट अनादी काळापासूनची. डिसेंबर १९२७ मध्ये मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं आणि खटला लढवला. एक वर्ष नाही, दोन नाही, दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. निकालाचा गाभा हा, की वहिवाट अनादी असल्याचं सवर्णांना सिद्ध करता आलं नाही.

बघा, काय झालं. अस्पृश्यांना "आम्ही माणूस आहोत" हे सिद्ध करावं लागलं नाही. जे अडवत होते त्यांना विचारलं गेलं, अडवता ते कशावरून? आणि हजारो वर्षांच्या तोऱ्याने मिरवणाऱ्यांना एक पुरावा देता आला नाही. त्या पोराचा शब्द तोच. महाडच्या खटल्याचा सगळा जोर त्या एका शब्दात आहे.

यातून मी माझ्यापुरता नियम काढलाय. हक्काला पुरावा लागत नाही, हक्क अडवणाऱ्याला लागतो. पाणी प्यायला, शाळेत बसायला, आठ तासांनी घरी जाऊन पोराचं तोंड बघायला मला कारण सांगावं लागू नये. ज्याला यातलं काही काढून घ्यायचंय त्याने आधी कारण सांगावं, आकडे मांडावेत, आणि ते आकडे आम्हाला तपासू द्यावेत. आणि मोजणी ज्याच्या हातात आहे त्याने न मोजता आमच्याकडे आकडा मागू नये. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने येत्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. मोजा. नीट मोजा. मोजलेलं दाबून ठेवू नका. आकड्याला भ्यायचं काम आपलं नाही. आकड्याला तो भितो ज्याचं ताट भरलेलं असतं.

आता कडू भाग. तराजू सगळ्यांना सारखा, तर तो आपल्या घरातही लावला पाहिजे.

२८ जुलै २०२१ ला राज्यसभेत विचारलं गेलं, हाताने मैला साफ करताना किती माणसं मेली? सामाजिक न्याय खात्याचं उत्तर आलं, अशा मृत्यूची नोंद नाही. उत्तर देणारे राज्यमंत्री रामदास आठवले. पँथरच्या चळवळीतून आलेले. कायद्याच्या शब्दात ते उत्तर बसतं. २०१३ च्या कायद्यात मैला उचलणं एका रकान्यात आणि गटारात, टाकीत उतरणं दुसऱ्या रकान्यात. गटारात गुदमरून मेलेल्यांचे आकडे तेच खातं वेगळे देतं. म्हणजे माणूस मेला, पण या रकान्यात मेला नाही. उत्तर खात्याचं होतं, नाव आपल्या माणसाचं होतं. त्या दिवशी वस्तीवस्तीतून एकच प्रश्न जायला हवा होता. साहेब, ही माणसं मग कुठल्या रकान्यात मेली? किती ठिकाणांहून गेला? आपण गप्प बसलो, कारण आपला माणूस.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, की धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आपण दुसऱ्यांच्या नेत्यांवर मारतो. स्वतःच्या नेत्यापुढे हार घेऊन उभे राहतो.

आणखी एक सांगतो, रागावू नका. दरवर्षी एक मेला आपल्यात सांगितलं जातं की बाबासाहेबांनी १९४२ साली कामाचे तास चौदावरून आठ केले. मीही भाषणात हे ठोकून दिलंय. मग एकदा मलाच वाटलं, कशावरून? वाचलं. कायद्याने चौदा तास १९४२ ला नव्हतेच. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी दुरुस्ती मांडली आणि १९४६ च्या कायद्याने ती ४८ वर आली. म्हणजे सहा दिवस, आठ तास. हे ऐकून एक कार्यकर्ता म्हणाला, "तू बाबासाहेबांना कमी करतोस." मी म्हणालो, कमी नाही, पक्कं करतो. चौदाची गोष्ट उद्या कुणी कागद दाखवून खोडली तर आपण तोंडघशी पडू, आणि खरं काम तिच्याबरोबर बुडेल. ५४ वरून ४८ हे कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. आणि आज जेव्हा सरकार बारा तासांकडे निघालंय, तेव्हा आपल्या हातात खणखणीत नाणं हवं. बाबासाहेबांना आपल्या अतिशयोक्तीची गरज नाही. ज्या माणसाने साउथबरो समितीपासून सायमन कमिशनपर्यंत प्रत्येक ठिकाणी आकडे मांडून साक्ष दिली, त्याच्याबद्दल बोलताना तरी आकडा चुकवू नये.

मग करायचं काय? कवितेत मी म्हणेन पेटवा. लेखात जरा सावकाश सांगतो.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम वाचा. बहुतेक जण सहाव्या कलमाखाली अर्ज करतात आणि चौथं कुणी वाचतच नाही. त्यात लिहिलंय, की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना आणि निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित तथ्यं सरकारने आपणहून प्रसिद्ध करायची. आणि प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित माणसाला द्यायची. म्हणजे त्या पोराचा प्रश्न उद्धट नव्हता, कायदेशीर होता. उद्धट होतं ते हसणं.

अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. बसवा. चांगला प्रश्न दीडशे शब्दांचा नसतोच. आठ लाख कशावरून? बारा तास कशावरून? हा कायदाही कुरतडला जातोय, हे विसरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तिगत माहितीची पळवाट रुंद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. आमच्यासारख्या किती छपरांवरून कायद्याचं उरलंसुरलं पांघरूण त्याने ओढलं, हे भिवंडीत बसून आपणच मोजायचंय. दर पाळीला किती माणसं, किती तास, किती जखमा. एक वही करा. सरकार मोजत नसेल तर आपण मोजू.

प्रश्नाने माग थांबत नाही, तास कमी होत नाहीत, हे मला कळतं. चवदार तळ्याच्या निकालालाही दहा वर्षं लागली, आणि निकालानंतरही कित्येक गावांत विहिरी बंदच राहिल्या. संघटना लागते, संप लागतो, मत लागतं. पण प्रश्नाशिवाय संघटना म्हणजे नुसती गर्दी. गर्दीला कुणीही हाकतो.

तो पोरगा मला परवा कल्याण नाक्यावर भेटला. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी हसलो होतो. चुकलं माझं." तो म्हणाला, "जाऊ द्या दादा. पण उत्तर मिळालं का तुम्हाला?"

नाही मिळालं. पुढच्या सभेला मी मागच्या रांगेत त्याच्याशेजारी उभा राहणार आहे. आधी तो विचारेल, त्याला हसले तर मी विचारेन, मला हसले तर तुम्ही विचारा. एका पोराला हसता येतं, अख्ख्या रांगेला हसणं जड जातं.

जय भीम.